साडेसहाच्या आत

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत रस्त्यात कोणी भेटलं की आधी एकच प्रश्न येतो, "किती झालं?" काय किती, हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, फुटांत. ४० ला इशारा, ४५ ला धोका. भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, रात्री दोनला कूस बदलताना घरातलं माणूस विचारतं. नदीला ना आपला पक्ष, ना परका. फक्त आकडा, आणि तो आपल्या उंबऱ्याच्या आत राहतो का बाहेर.

त्यामुळे पिट्सबर्गला असलेल्या माझ्या मुलाने दोन हिवाळ्यांपूर्वी फोनवर सांगितलं, "आई, इथे लोक हॉकीवर सौदे करतात, पण कोण जिंकणार यावर नाही, दोघांचे मिळून किती गोल होणार यावर," तेव्हा मला ते लगेच कळलं. हॉकी म्हणजे आपली गवतावरची नाही. बर्फावरची, पायात पातीचे बूट घालून, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड रबरी चकतीची. तिला पक म्हणतात. तिथे संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. मी त्या वेळी उठलेलीच असते. मुलगा व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्या टीव्हीसमोर उभा करतो, मी इकडे टॅब स्टुलावर ठेवते, चहा घेते आणि आम्ही दोघं सामना बघतो.

सौद्याची पद्धत अशी. बाजारात एक प्रश्न मांडलेला असतो: आज साडेसहापेक्षा जास्त गोल होतील का? साडेसहा गोल कधीच होत नाहीत. अर्धा एवढ्यासाठी की उत्तर हो किंवा नाही असंच यावं, मधे लोंबकळत राहू नये. 'हो'चं कॉन्ट्रॅक्ट खरं ठरलं तर एक डॉलर मिळतो, खोटं ठरलं तर काहीच नाही. सामना संपेपर्यंत ते काही सेंटला विकलं-घेतलं जातं. भाव ४२ सेंट असेल तर त्या घटकेला बाजाराचं म्हणणं, शंभरात बेचाळीस वेळा असं होईल. जास्तीच्या बाजूला ओव्हर म्हणतात, कमीच्या बाजूला अंडर. प्रत्येक गोलाला भाव उडी मारतो, आणि गोल न होता मिनिटं गेली की ओव्हरचा भाव हळूहळू झिरपत खाली येतो. हे झिरपणं बघणं मला फार आवडतं. काहीच घडलं नाही, हीसुद्धा एक बातमी असते आणि तिचीही किंमत असते, हे इतकं उघड मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

मी एकोणतीस वर्षं इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. दरवर्षी प्वासाँचं वितरण शिकवायचे. हा फ्रेंच गणिती. त्याने हे १८३७ साली मांडलं. खूप संधी, प्रत्येक संधीत घडण्याची शक्यता थोडी, आणि एकमेकांशी संबंध नाही, अशा वेळी एकूण किती घडेल त्याचं हे गणित. पुस्तकातली उदाहरणं ठरलेली होती: पानावरच्या छपाईच्या चुका, टेलिफोन एक्स्चेंजला येणारे कॉल, आणि प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेले सैनिक. ते शेवटचं बोर्टकीविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली अभ्यासलेलं. तासगाव-कवठ्याहून एसटीने येणाऱ्या मुलींना प्रशिया कुठलं माहीत असणार? मी फळ्यावर मार्केट यार्डात तासाला येणारे हळदीचे ट्रक घ्यायचे, पण ट्रक एकामागे एक येतात, सौद्याच्या दिवशी झुंडीने येतात. ते उदाहरण मनाला कधी पटलं नाही.

बर्फावर मात्र ते गणित जिवंत दिसलं. सामना साठ मिनिटांचा, वीस-वीसचे तीन भाग. दोन्ही संघ मिळून गोलवर साठच्या आसपास फटके मारतात. गोलकीपर शंभरातले नव्वद अडवतो. उरलेले दहा टक्के, म्हणजे साठात सहा. अमेरिका-कॅनडाच्या त्या लीगमध्ये, एनएचएलमध्ये, गेली काही वर्षं सामन्यामागे सरासरी सहाच्याच आसपास गोल होतात. गोलकीपर ब्याण्णव अडवणारा निघाला की तेच साठ फटके पाचाच्याही खाली येतात. गोलकीपरच्या हातमोज्यातला शंभरात दोनचा फरक, आणि सगळा बाजार त्याच्यावर हलतो.

सरासरी सहा धरून प्वासाँ म्हणतो, नेमके सहा गोल शंभरात सोळा सामन्यांत, सात किंवा जास्त एकोणचाळीस सामन्यांत. त्याचं सूत्र वरच्या बाजूला शेपटीसारखं निमुळतं होत जातं, पण संपत कधीच नाही. एकवीस गोलांचे सामनेही झालेत. १९२० च्या जानेवारीत माँट्रियलने टोरोंटोला १४-७ हरवलं, आणि १९८५ च्या डिसेंबरात एडमंटनने शिकागोला १२-९. हे आकडे मी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलेत. का, ते पुढे येईल.

पहिल्या हिवाळ्यातली एक सकाळ मला मिनिटामिनिटाला आठवते. घरचा संघ गडद जर्सीत, पाहुणे पांढऱ्यात. घरचे ३-२ ने पुढे. दोन मिनिटं उरलेली. मुलाने तिकडे अंडर घेतलं होतं, चौऱ्याऐंशी सेंटने पन्नास कॉन्ट्रॅक्ट. बेचाळीस डॉलर लावलेले. जमलं तर आठ मिळणार. पाच गोल झालेत, सात व्हायला अजून दोन लागतात, दोन मिनिटांत दोन गोल कुठून होणार, असा आमचा दोघांचा हिशोब.

पाहुण्यांनी गोलकीपर बाहेर काढला. इथे तशी मुभा आहे. हरायला आलेला संघ शेवटी गोलकीपरला बसवतो आणि त्याच्या जागी सहावा चढाईचा खेळाडू आणतो. स्वतःचा गोल रिकामा. मैदानाच्या एका टोकाला नुसती जाळी, आणि दुसऱ्या टोकाला अकरा माणसं आणि एक गोलकीपर एकमेकांत घुसलेली. पक दिसत नव्हता, नुसत्या काठ्या दिसत होत्या. मी मनात म्हणत होते, गोल नको, कुणाचाच नको. अडतीस सेकंद उरले असताना ती गर्दी एकदम फुटली आणि पांढऱ्या जर्सीवाले हात वर करून भिंतीकडे धावले. ३-३.

मी म्हटलं, "असू दे. सहाच झालेत. अडतीस सेकंद राहिलेत. साडेसहाच्या आतच राहिलं ना?"

तो काही बोलला नाही. मग हळू म्हणाला, "आई, बरोबरी राहत नाही इथे."

मी पडद्याच्या कोपऱ्यातला भाव पाहिला. अंडर चौऱ्याऐंशीवरून एका सेंटवर आलं होतं. गोल एकच झाला होता, सातवा अजून व्हायचा होता, पण बाजाराच्या लेखी तो झाल्यात जमा होता. साठ मिनिटांनंतर बरोबरी असली की जादा वेळ: साखळी सामन्यात पाच मिनिटं, तीन विरुद्ध तीन. त्यातही नाही ठरलं तर शूटआउट, आणि शूटआउट जिंकणाऱ्याच्या खात्यात निकालात एक गोल धरतात. म्हणजे ३-३ ला पोचलेला सामना आणखी एका गोलाशिवाय संपणारच नाही. सात. त्याहून कमी शक्यच नाही. आणि तसंच झालं, जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला.

मुलाचे बेचाळीस डॉलर गेले, आपले साडेतीन हजारांहून जास्त. त्याने फोन बंद करताना "ठीक आहे गं" म्हटलं. मला आईपणाने वाईट वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट मला बसू देईना. मी कागद घेतला.

बरोबरीत दोघांचे गोल सारखे, म्हणजे बेरीज सम. त्यात विजयी गोल एकच. म्हणजे जादा वेळेत गेलेल्या प्रत्येक सामन्याची बेरीज विषमच येणार. सहा गोलांचा निकाल फक्त साठ मिनिटांतच लागू शकतो: ६-०, ५-१ किंवा ४-२. दोन्ही संघ तोडीस तोड धरले तर सहातले ३-३ होण्याची शक्यता चौसष्टात वीस, साधारण एकतीस टक्के. प्वासाँने सहाला दिलेल्या सोळांतले पाच इथून उठून सातात जाऊन बसतात. सहाकडे उरले अकरा, सातकडे चौदाचे झाले एकोणीस. तेच चारचं आणि पाचचं. चारचे पाच टक्के पाचात गेले, पाच झाले एकवीस. सरळ उतरत जाणाऱ्या टेकडीच्या जागी दातेरी करवत तयार झाली, विषम आकडा वर, सम आकडा खाली. मी एकोणतीस वर्षं जे गुळगुळीत चित्र फळ्यावर काढलं, त्याला एका नियमाने दात फुटले होते. त्या सकाळी कॉलेजात असते तर वर्गात धावत गेले असते.

प्रत्यक्षात तर बरोबऱ्या ह्या कागदी हिशोबाहूनही जास्त होतात. पाचातला एखादा सामना जादा वेळेत जातो. त्यालाही कारण नियमांत आहे. जिंकलं की दोन गुण, साठ मिनिटांत हरलं की शून्य, पण जादा वेळेत हरलं तरी एक गुण. म्हणून शेवटच्या मिनिटांत बरोबरी असली की दोन्ही संघ सांभाळून खेळतात, आणि एकाने आघाडी घेतली असली की दुसरा गोलकीपर काढून जिवावर उदार होतो. शांतपणा आणि वेडेपणा, दोन्ही एका गोलाच्या अंतरावर.

आणि मुख्य म्हणजे आमचा तो हिशोब, 'कोण जिंकतंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही', हाच चुकीचा होता. ३-२ असताना पुढचा गोल घरच्यांनी रिकाम्या जाळीत टाकला असता तर ४-२, बेरीज सहा, आणि जवळजवळ नक्की आत. पाहुण्यांनी टाकला तर बेरीज तीच सहा, पण घड्याळ थांबेपर्यंत सात. गोल तेवढाच. कुणाच्या काठीने गेला यावर आकडा ठरला. मी "कुणाचाच नको" म्हणत बसले होते, तेव्हा मला खरं तर घरच्यांचा हवा होता.

पैशांबद्दल बोलायला हवं. मी स्वतः एक पैसा लावत नाही. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर बंदीच आणली आहे, आणि मला ती बंदी योग्य वाटते. इथल्याच कॉलेजांतली मुलं क्रिकेटच्या सामन्यात हो-नाहीवर फीचे पैसे घालवून बसलेली मी पाहिली आहेत. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे ह्या बाजारांवर वायदे बाजाराची केंद्रीय यंत्रणा देखरेख करते, २०२५ च्या ऑक्टोबरात एनएचएलने अशा दोन बाजारांशी करारही केले, आणि त्याच वेळी काही राज्यांचं म्हणणं आहे की हा सरळ सट्टा आहे. त्यावर कोर्टात वाद चालू आहेत. मुलाने महिन्याची एक रक्कम ठरवली आहे आणि ती तो ओलांडत नाही. मी दर महिन्याला विचारते. तो चिडत नाही, सांगतो.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याबरोबर लहानपणी सौद्याला जायचे. हळकुंडं वेगळी, गड्डा वेगळा, कणी वेगळी, पोत्याचं तोंड उघडून नमुना ओतलेला, हवेत पिवळी धूळ, आणि भाव पुकारला जात असताना वडील मालाकडे नाही, खरेदीदारांच्या तोंडाकडे बघत असायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "माल मी सकाळीच बघितलाय. आता त्याला काय ठाऊक आहे ते बघतोय." मुलाच्या ह्या बाजारात नेमकं तेच जमत नाही. समोरच्याचं तोंडच दिसत नाही. तुम्ही पन्नास सेंटला अंडर घेतो म्हणून सौदा लावून ठेवलात आणि कोणी झटकन दिलं, तर आनंद वाटण्याऐवजी पोटात गोळा यायला हवा: का दिलं? एकदा तसंच झालं. मुलगा जेवायला गेला, त्याचा सौदा लागलेला होता, आणि तेवढ्यात बातमी आली की ठरलेला गोलकीपर आज खेळत नाही, दुसऱ्या फळीतला उभा राहणार. ज्यांनी ती आधी वाचली त्यांनी त्याचा सौदा उचलला. शंभरात दोनचा फरक मघाशी सांगितला, तो हा. शिवाय सौद्यांवर फी आहेच. चौऱ्याऐंशीला घेतलं की शंभरात चौऱ्याऐंशी वेळा बरोबर येऊन माणूस फक्त जागच्या जागी राहतो, आणि फी धरली तर तेही नाही.

मग मी हे सगळं का करते? पहाटे उठून, वही घेऊन?

माझ्या पुढच्या खोलीत, ज्या स्टुलावर टॅब ठेवते त्याच्यामागे भिंतीवर एक मातकट रेघ आहे. माझ्या खांद्याला लागते. दोनदा रंग दिला तरी ओल धरली की परत उमटते. २०१९ ची. आम्ही गावभागात राहतो. त्या ऑगस्टात पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीतल्या बायका माझ्याकडे आल्या. मॅडम आकड्यांच्या, त्यांना कळेल. मी काय सांगितलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "२००५ च्या वर जाणार नाही. इतक्या वर्षांतलं ते सगळ्यात मोठं पाणी होतं." २००५ ला आमच्या घरांत पिंढरीभर पाणी होतं. शेजारच्या काकूंनी त्यावर भरवसा ठेवून शिलाई मशीन पलंगावर चढवलं, लोकांचे शिवायला आलेले ब्लाउज गाठोडी बांधून मशीनवर ठेवले, आणि दार ओढून आमच्याबरोबर बाहेर पडल्या. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आठ दिवसांनी दार ढकललं तेव्हा पलंग उलटा होऊन दाराशी आला होता. मशीनच्या खाचाखाचांत गाळ सुकून सिमेंटसारखा झाला होता. काकू एकेक ब्लाउज उलगडून त्यावरची चिठ्ठी वाचायचा प्रयत्न करत होत्या, कुणाचा ते कळावं म्हणून. शाई राहिली नव्हती. त्यांनी पुढे वर्षभर गिऱ्हाइकांना कापडाचे पैसे फेडले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

मी त्या दिवशी 'जाणार नाही' म्हटलं. शंभरात ऐंशी म्हटलं असतं, सत्तर म्हटलं असतं, तर काकूंनी मशीन उचलून वर आमच्या माळ्यावर आणलं असतं. चौघी मिळून दहा मिनिटांचं काम होतं. आजवरचं सगळ्यात मोठं पाणी हे छत नसतं, ते फक्त आजवरचं असतं, हे मी मुलांना शिकवत आले होते. वेगळ्या पानावर एकवीस गोलांचे दोन सामने लिहून ठेवलेत ते ह्यासाठी.

वहीत मी सामना सुरू व्हायच्या आधी माझा आकडा लिहिते, ओव्हर किती टक्के. बाजाराचा भाव बघायच्या आधी. मग शेजारी बाजाराचा. सामना संपला की गुण देते. पद्धत ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञाची, १९५० ची: आपला आकडा आणि घडलेलं यातलं अंतर, त्याचा वर्ग. पन्नास टक्के म्हणत राहिलं तर नेहमी पाव येतो. जितकं कमी तितकं चांगलं. त्या ३-३ च्या सकाळी मी अडतीस सेकंद उरले असताना मनात अंडर पंचाण्णव धरलं होतं; त्याचे झाले ०.९०. पुराच्या दिवशी मी शंभर टक्के धरलं होतं. त्याचा गुण एक. ह्या पद्धतीत त्याहून वाईट गुण नाही. दोन हिवाळ्यांनंतर माझी सरासरी पावाच्या जराशी खाली आहे. बाजाराची माझ्याहून चांगली आहे, दोन्ही वर्षं. पण सुरुवातीला माझ्या वहीत नव्वद आणि पंचाण्णव फार दिसायचे, आता क्वचित दिसतात. साठ, पंचावन्न, अठ्ठेचाळीस. हे आकडे लिहिताना सुरुवातीला लाज वाटायची, जणू मला काही येतच नाही. आता वाटत नाही.

साखळी सामने एप्रिलात संपतात, पुढची बादफेरी जूनपर्यंत चालते, मग बर्फ थांबतं आणि आमचा पाऊस सुरू होतो. गेल्या वर्षी मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून आयर्विनचे फूट लिहायला लागले. रोज सकाळची पातळी, कोयनेचा विसर्ग, आणि माझा आकडा: येत्या चार दिवसांत ४५ च्या वर जायची शक्यता किती. जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी काकू दारात आल्या. नवं मशीन घेऊन त्यांना आता पाच वर्षं झालीत.

"मॅडम, किती झालं?"

"अडतीस."

"जाईल का हो वर?"

मी वही उघडली. "पंचेचाळीसच्या वर जायची शक्यता शंभरात वीस."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे ऐंशी वेळा नाही जाणार."

"हो."

"मग मशीन न्यायचं का राहू द्यायचं?"

"न्यायचं," मी म्हटलं आणि पायात चपला सरकवल्या. समोरच्या दोघींना हाक मारली. मशीनचं वरचं डोकं काकूंनी सुटं करून छातीशी धरलं, बिडाचा सांगाडा आम्ही तिघींनी उचलला, आणि जिन्याच्या वळणावर जरा थांबून, पकड बदलून, पुन्हा वर चढू लागलो.